रंगाऱ्याची फळी

अलाबामातल्या एका लहान गावात
होसिया गॅडिसच्या दुकानात, भिंतीला टेकून
एक पाइनची फळी उभी आहे.
दर निवडणुकीला तिच्यावर नवा थर चढत गेला.
आता त्याची लेक व्हर्नेल पात्यानं ती खरवडते आहे:
निळ्याखाली तांबडा, तांबड्याखाली पांढरा,
आणि पांढऱ्याच्या तळाशी, छाती फुगवून, कोंबडा.

कोंबडा हे तेव्हाच्या सत्तेचं चिन्ह.
त्याच्या डोक्यावर कमानीत: गोऱ्यांचं वर्चस्व.
मतपत्रिकेवर छापलेलं, भर उजेडात.
होसियानं तो रंगवला. तुऱ्याला शेंदरी,
नख्यांना पिवळा. अडीच डॉलर, रोख.
बायकोनं विचारलं, हात कसा धजला?
म्हणाला, हात धजत नसतो, रंगवतो.
त्या रात्री जेवला मात्र नाही.

त्यानंच रंगवलं होतं
कोर्टाच्या नळावरचं 'फक्त गोरे',
शेजारच्या नळावर, जरा बारीक, 'रंगीत'.
आणि नोंदणी अधिकाऱ्याच्या दारावर
सोनेरी वर्खात 'मतदार नोंदणी',
लांबून येणारा माणूस वाचत थबकेल असं.

त्याच दारातून तो चारदा आत गेला.
अधिकाऱ्यानं राज्यघटनेचं कलम पुढे सरकवलं.
वाच. वाचलं.
अर्थ सांग. सांगितला.
अर्जावर शेरा पडला: निरक्षर.
बाहेर येताना होसिया दाराशी थांबला.
एका अक्षराच्या पोटात टवका उडाला होता.
नखानं चाचपून पाहिलं, आणि घरी गेला.

त्याचे आजोबा हत्तीवाले.
बेड्या तुटल्यावर तीनदा मत दिलेलं, हत्तीलाच.
मग उत्तरेत कुठेतरी सौदा झाला, सैन्य परत फिरलं,
हत्ती गेला,
आणि शेपूट तेवढं आजोबांच्या मुठीत राहिलं.
त्यांनी ते मरेपर्यंत सोडलं नाही.

पुढे कायदा आला.
कोंबड्याच्या डोक्यावरचे शब्द गेले, कोंबडा राहिला.
मग एकेक करून न्यायाधीश, शेरीफ, कापसाच्या गिरणीचा मालक
कोंबड्यावरून उतरले
आणि हत्तीवर चढले.
खुर्ची हलली नाही. खुर्चीतला हलला नाही.
मागची फळी तेवढी बदलायची होती,
आणि बोलावणं पुन्हा होसियालाच.

(हे लिहिताना माझ्या हातून पार्टीवरचा रफार सुटतो
आणि खाली पाटी उरते.
मी तो परत देत नाही.)

दुकानातल्या टीव्हीवर कुणी कोटवाला सांगतो,
तुमच्या बेड्या आमच्या पक्षानं तोडल्या.
दुसरा म्हणतो, तुमचा कायदा आमच्या पक्षानं केला.
व्हर्नेल आवाज बंद करते.
खोटं दोघंही बोलत नाहीत, म्हणते.
बापाच्या पाट्याही खोटं बोलत नव्हत्या,
जे त्या दिवशी लिहायचं होतं तेच लिहिलेलं असायचं.
पातं पुन्हा चालू होतं.
तांबड्याची साल तिच्या मांडीवर पडते,
झटकते, पण सगळी जात नाही.

एक सांगायचं राहिलं.
सन पासष्ट. ऑगस्ट. टपाल कचेरीचं तळघर.
वॉशिंग्टनहून आलेला घामाघूम पोरगेला कारकून,
रांग पार रस्त्यापर्यंत,
रस्त्यापलीकडे गाडीला टेकून शेरीफची माणसं, नावं टिपत.
होसियाचा नंबर आला.
त्यानं बोटं पँटला पुसली,
पेन हातात घेऊन वजन पारखलं, ब्रशचं पारखावं तसं.
मग लिहायला लागला.
एक रेघ जाड, एक बारीक. हो. सि.
मागचे खाकरले. पंखा फिरत राहिला.
कारकून म्हणाला, आजोबा, नुसती फुली चालते हो,
कायद्यानं चालते.
होसियानं मान वर केली नाही.
थांब पोरा, म्हणाला,
अक्षरांची सावली काढायची राहिली आहे.